मदत हवी आहे : एसआर (सुपर रँडोनियर) झाली, आता पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस २०२७. रात्रीच्या झोपेचं गणित कसं बसवू?

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्यात राहते, वय ४३, शाळेत शिकवते. सायकल बरीच वर्षं चालवते आहे, पण लांब पल्ल्याकडे मन लावून वळले ती याच मोसमात. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या चारही ब्रेव्हे वेळेत पूर्ण झाल्या, म्हणजे सुपर रँडोनियर झाले. पदक हातात आलं की काय वाटतं ते इथल्या अनेकांना ठाऊक आहे, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. आता डोळ्यांसमोर एकच गोष्ट आहे : ऑगस्ट २०२७ मधली पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. ब्रेव्हे म्हणजे लांब पल्ल्याची सायकल फेरी, शर्यत नव्हे. ठरलेला मार्ग, मध्ये कंट्रोल पॉइंट, ब्रेव्हे कार्डावर शिक्के आणि वेळेची मर्यादा : २०० ला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. वेळेत पोचलेल्या सगळ्यांना मान सारखाच. मला हा प्रकार आवडतो तो याचमुळे. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली ब्रेव्हे दर चार वर्षांनी होते. साधारण १२०० किलोमीटर अंतर आणि जास्तीत जास्त ९० तास. मोठा घाट एकही नाही, पण सतत चढउतार, आणि त्यांची बेरीज १२,००० मीटरच्या आसपास जाते.

वर्षभराचा सराव सांगते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना अंदाज येईल. आठवड्यातल्या दिवशी शाळेआधी यवतेश्वरचा घाट. रविवारी कास, नाहीतर मेढ्यावरून केळघर घाटाने महाबळेश्वर. पावसाळ्यात कासच्या रस्त्यावर धुकं इतकं असतं की समोरची गाडी दिसत नाही, म्हणून ते महिने घरात ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर काढले. खाण्याचं जमलंय : खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की, केळी आणि मिळेल तिथे दहीभात. पोटाने वर्षभर साथ दिली. पाय तक्रार करत नाहीत, पाठही नाही. पुण्याहून येताना खंबाटकी चढावा लागतो, तोही आता जड जात नाही.

अडचण पहाटे तीन ते पाचची आहे.

६०० च्या रात्री कोल्हापूरकडून परत येत होते. रस्ता रिकामा, वारा पाठीमागून, सगळं अनुकूल. आणि डोळे उघडे असूनही रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ दुभंगून दोन झाली. पुढचा किलोमीटरचा दगड घोंगडी पांघरून बसलेल्या माणसासारखा दिसला, आणि मी खरंच त्याला घंटी वाजवली. तिथेच उतरले. पुढचं अंतर सायकल हातात धरून एका पेट्रोल पंपापर्यंत चालत गेले. पंपावरच्या काकांनी ऑफिसातली खुर्ची दिली, वीस मिनिटं डोळे मिटले. उठल्यावर दातावर दात वाजत होते, पण चहा घेतला आणि उजाडेपर्यंत गाडी सुरळीत झाली.

आता गणित बघा. ताशी १८ च्या वेगाने १२०० किलोमीटरला ६६ ते ६७ तास लागतात. उरतात २३. त्यात खाणं, शिक्के, पंक्चर, कपडे बदलणं आणि झोप. ६०० ला माझी एकच रात्र रस्त्यावर गेली. तिथे तीन-चार रात्री आहेत. दुसऱ्या रात्री आपलं शरीर कसं वागतं हे मी अजून पाहिलेलंच नाही. माझी खरी काळजी ही आहे.

म्हणून माझे प्रश्न :

दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीचा सराव करता येतो का? करायचा तर कसा? मुद्दाम जागरणं करून शाळेत शिकवणं मला पटत नाही, मुलांवर अन्याय होतो.

२०२३ च्या वेळी पूर्वनोंदणीत आदल्या वर्षीची सर्वात लांब ब्रेव्हे धरली होती. ज्याची लांब, त्याला आधी संधी. २०२७ लाही तसंच असेल असं धरून २०२६ मध्ये १००० करावी का? ७५ तासांत तीन रात्री मिळतील. की आधी ६०० अजून एकदा शांतपणे करू?

पॅरिसला ९० तासांची मर्यादा घेणारा गट संध्याकाळी निघतो, ८४ तासांचा पहाटे. झोपेच्या दृष्टीने कोणता बरा?

आणि एक प्रश्न खास बायकांना. पुरुष मंडळी एटीएममध्ये, बसथांब्यावर, टपरीच्या बाकावर बिनधास्त आडवी होतात. मला ते जमत नाही आणि जमावं असंही वाटत नाही. रात्री तीनला हायवेवर तुम्ही कुठे झोपता?

नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार करायची सायकल शर्यत पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ती एकट्याने केली. नोकरीधंदा सांभाळून आपल्याकडची माणसं हे करतात, म्हणून विचारायची हिंमत करते आहे.

प्रतिसाद :

ताई, आधी मनापासून अभिनंदन. मी २०२३ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला ९० च्या गटात होतो, वेळेत पोचलो. जे अनुभवलं ते सांगतो.

झोपेची कमतरता सहन करायचा सराव होत नाही, त्या नादाला लागू नका. सराव होतो तो दोन गोष्टींचा : वेळेवर थांबण्याचा आणि लगेच झोपून लगेच उठण्याचा. पहाटे शरीराचं तापमान सर्वात खाली असतं, त्यामुळे झापड येणारच. तुम्ही पंपावर केलंत ते अगदी बरोबर. फक्त एक बदल करा, चहा-कॉफी झोपण्याआधी घ्या. कॅफिनचा परिणाम यायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, म्हणजे उठताना ते कामाला लागलेलं असतं. आणि अंगावर काहीतरी ओढून झोपा, थंडी तिथेच शिरते. ब्रिटनीतल्या (ब्रेस्टकडचा फ्रान्सचा भाग) ऑगस्टच्या रात्री आपल्याला चांगल्याच गार वाटतात.

निघण्याआधीचा आठवडा रोज तासभर जास्त झोपा. याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला.

गटाबद्दल : संध्याकाळी निघालं की पहिली रात्र उत्साहात सरते, पण तोवर तुम्ही दिवसभर जागेच असता. मी पहिल्यांदा नीट झोपलो ते लूदेआकच्या कंट्रोलला, सव्वाचारशे किलोमीटरच्या पुढे, म्हणजे दुसऱ्या रात्री. ८४ वाले रात्रभर झोपून पहाटे निघतात, पण हातातले सहा तास जातात. तुमच्या १८ च्या हिशोबात २३ चे १७ होतील. तुम्ही ९० च घ्या असं मी म्हणेन. कंट्रोलवर झोपायची सोय असते, थोडे पैसे भरून खाट मिळते आणि सांगितलेल्या वेळेला उठवतात. त्यामुळे तुमचा शेवटचा प्रश्न तिथे बराच सुटतो.

१००० नक्की करा. नोंदणीसाठी तर कराच, पण त्याहून जास्त त्या दुसऱ्या रात्रीसाठी. मात्र २०२७ च्या मोसमात पूर्ण एसआर पुन्हा लागेल, हे वेळापत्रकात धरा.

प्रतिसाद :

ताई, मी विदर्भातली. रस्त्यावर झोपायचं नाही हे मी पहिल्यापासून ठरवलंय. ब्रेव्हेच्या आठवड्यात मार्गावरच्या दोन-तीन लॉजना फोन करून ठेवते : रात्री दोन-तीनला येईन, दोन तास झोपेन, सायकल खोलीत घेईन. बहुतेक जण हो म्हणतात. पैसे पूर्ण दिवसाचे जातात, ते जाऊ द्यावेत. मधल्या डुलकीसाठी टोलनाका बरा, दिवे आणि माणसं दोन्ही असतात. रात्रीपुरता सोबती आधीच ठरवा. दिवसा आपापल्या वेगाने जावं, अंधार पडला की पुढच्या कंट्रोलला भेटून एकत्र निघावं.

धागाकर्तीचा प्रतिसाद :

दोघांचेही खूप आभार. लॉजला आधी फोन करण्याचं मला सुचलंच नव्हतं. आजच कागल ते कराड पट्ट्यातले नंबर काढायला बसते. दादा, तुमचा हिशोब पटला, ९० चाच गट धरते. ऑगस्टमधल्या रजेसाठी मुख्याध्यापकांशी आत्ताच बोलून ठेवते, दोन वर्षं आधी सांगितलं तर नाही म्हणणं त्यांनाही अवघड जाईल.

एक राहिलं : डिसेंबर ते फेब्रुवारीत संध्याकाळी सुटणारी १००० किंवा निदान ६०० कुणाच्या माहितीत आहे का? पुणे, नाशिक, मुंबई, गोवा कुठलीही चालेल. आणि तीन रात्रींसाठी डायनॅमो हब (चाक फिरताना दिव्याला वीज देणारा) घ्यावा की पॉवर बँक आणि दोन दिवे पुरतील? वापरणाऱ्यांनी कृपया लिहा.