कावासाकी आजार: औषध लागू पडेल की नाही, हे रक्त तपासून आधी कळते का?

प्रश्न (बाळाची आई)
माझ्या दहा महिन्यांच्या मुलाला न उतरणारा ताप, लालबुंद ओठ आणि बीसीजीच्या जागेभोवती उठलेली लाली पाहून पाचव्या दिवशी कावासाकीचे, म्हणजे लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या आजाराचे, निदान झाले. रक्तातले सोडियम १३१, सीआरपी (सूज दाखवणारे प्रथिन) १४ आणि न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८२ टक्के पाहून डॉक्टरांनी आयव्हीआयजीसोबत (शिरेतून देण्याच्या प्रतिपिंडांसोबत) स्टेरॉईडही सुरू केले. एकट्या आयव्हीआयजीने भागणार नाही, हे या आकड्यांवरून खरोखर सांगता येते का?

उत्तर (बालरोगतज्ज्ञ)
ताई, तुमच्या डॉक्टरांनी बहुधा आयव्हीआयजी लागू न पडण्याचा धोका मोजणारा २००६ सालचा जपानी कोबायाशी गुणांक वापरला असावा. सोडियम १३३ किंवा कमी असल्यास दोन, न्यूट्रोफिल ८० टक्के किंवा अधिक असल्यास दोन, सीआरपी दहा किंवा जास्त असल्यास एक आणि वय वर्षाच्या आत असल्यास एक, असे तुमच्या बाळाचे सहा गुण होतात. यकृताचे एएसटी आणि प्लेटलेट यांचेही गुण असतात. पाच किंवा त्याहून अधिक गुण असलेल्या मुलांना आयव्हीआयजीसोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड दिल्यास हृदयाच्या रक्तवाहिन्यांना होणारी इजा बरीच टळते, हे जपानमधील चाचणीत २०१२ साली दिसले. म्हणून हा निर्णय मला योग्य वाटतो.

उत्तर (एक वडील, न्यू जर्सी)
आमच्या मुलाचे गुण जेमतेम दोन होते, तरी ताप उलटला आणि आयव्हीआयजीची दुसरी मात्रा द्यावी लागली. कमी गुण पाहून आम्ही निर्धास्त झालो होतो, याची हळहळ अजून वाटते.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ)
आपला अनुभव महत्त्वाचा आहे. जपानबाहेर, विशेषतः अमेरिकेत, हा गुणांक पुष्कळ मुलांचा धोका ओळखू शकत नाही. गुण जास्त असले तर सावध व्हावे, पण कमी आहेत म्हणून निश्चिंत राहू नये. आयव्हीआयजी संपून ३६ तास झाल्यावरही ताप असेल किंवा तो परत आला, तर औषध पुरेसे लागू पडले नाही असे धरतात. तेव्हा तापाची नोंद आणि टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) यांना पर्याय नाही. आणि ताई, गोवराची पुढची लस आयव्हीआयजीनंतर साधारण ११ महिने लांबते, हे लसीकरणाच्या कार्डावर आजच लिहून घ्या.

बाळाची आई
आभारी आहे, डॉक्टर. आयव्हीआयजी काल रात्री नऊला संपले, म्हणजे ३६ तास उद्या सकाळी नऊला भरतील. दर चार तासांनी ताप मोजून वहीत लिहीत आहे, आत्ता ९९.१ आहे.