हल्ली काय पाहिलं? मालिका आणि विनोदी सिनेमे : मराठवाड्यातल्या प्रेक्षकांचे अनुभव

रोज रात्री घराघरांत मालिका चालू असतात, एखाद्या रविवारी सगळे मिळून विनोदी सिनेमा लावतात, आणि कसा होता विचारलं तर ‘बराय’ म्हणून विषय संपतो. इथं तसं नको. अलीकडं काय पाहिलंत, कुठं जीव गुंतला, कुठं रिमोट उचलला आणि का, ते सविस्तर लिहा. जुनं परत पाहिलं असेल तरी चालेल. सुरुवात मीच करते.

आमच्याकडं परभणीत सासूबाई आणि मी ‘ठरलं तर मग’ पाहतो. २०२२च्या डिसेंबरात सुरू झाली तेव्हा करारावरच्या लग्नाची गोष्ट म्हणून लावली होती. पण खरी पकड होती ती मधुभाऊंच्या खटल्याची. आश्रम चालवणाऱ्या भल्या माणसावर खुनाचा आळ, आणि तो पुसायला उभा राहिलेला वकील अर्जुन. ज्या आठवड्यात कोर्ट असायचं त्या आठवड्यात सासूबाई भाकरी लवकर उरकून घ्यायच्या. साक्षीदार खोटं बोलायला लागला की “आता धर त्याला!” असं टीव्हीलाच सांगायच्या. जुई गडकरीची सायली मला आवडते, कारण ती रडण्याआधी विचार करते. मात्र सायलीच लहानपणी हरवलेली खरी तन्वी आहे हे आपल्याला केव्हाच ठाऊक, आणि घरातल्यांना ते कळता कळत नाही, हे फार ताणलं. पुरावा दारापर्यंत यायचा आणि हरवायचा. असं वरचेवर झालं की पात्रांच्या बुद्धीवरचा विश्वास उडतो.

माजलगावहून :

ताई, ‘आई कुठे काय करते’ २०२४ला संपली, तरी आमच्या घरात अरुंधतीवरून अजून भांडणं होतात. नवऱ्याचं बाहेर प्रकरण, घरासाठी राबून राबून स्वतःला विसरलेली बाई, मग घटस्फोट आणि सुटलेलं गाणं पुन्हा धरणं, इथपर्यंत मी या मालिकेला मानते. मधुराणी प्रभुलकर यांनी ते काम आवाज न चढवता केलं. घटस्फोटाचा भाग लागला तेव्हा माझी माय जात्यावरची डाळ तशीच ठेवून येऊन बसली. संपल्यावर म्हणली, “बरं केलं बाई. लई सोसलं तिनं.” आमच्या गल्लीत घटस्फोट हा शब्द दबक्या आवाजात बोलतात. माझ्या मायनं तो मोठ्यानं, शेजारणींच्या देखत बोलला, हे त्या मालिकेमुळं. म्हणून पुढचा राग जास्त आहे. आशुतोषसोबत तिचा नवा संसार मांडला आणि मग त्याला अपघातात मारून टाकलं. बाईला सुख द्यायचं ते काढून घेण्यासाठीच का? त्यानंतर मायनं ती मालिका बघायची सोडली. मीच कधीमधी बघायचे.

जालन्याहून :

मी मालिका पाहत नाही. सिनेमा सांगतो, ‘वाळवी’. परेश मोकाशींचा, २०२३चा. बायकोला मारायचा बेत, तोही नीट आखलेला, आणि तो कसा फसत जातो. दोन तासही लांबत नाही, गाणी नाहीत. अनिता दाते आणि सुबोध भावे जबरदस्त. सत्तराव्या राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला तो उगीच नाही. शेवट कुणाला सांगू नका.

लातूरहून :

मी मुद्दाम जुनं लावलं. ‘कायद्याचं बोला’, २००५चा. पोरानं दहावीच्या सुट्टीत विनोदी दाखवा म्हणून हट्ट धरला होता. मकरंद अनासपुरेंचा वकील आहे त्यात, नाव केशव कुंथलगिरीकर. आमचं पोरगं नाव ऐकूनच उठून बसलं. “पप्पा, पेढ्याचं कुंथलगिरी?” हो, तेच, भूम तालुक्यातलं. आपल्या जवळचं गाव सिनेमातल्या वकिलाच्या आडनावात येतं याचं त्याला केवढं कौतुक!

मला जे सांगायचंय ते असं. आपली बोली सिनेमात, मालिकेत ऐकू येते ती बहुतेकदा नोकराच्या नाही तर गावाकडून आलेल्या भाबड्या पाहुण्याच्या तोंडी. त्यानं तोंड उघडलं की हसायचं, एवढंच काम. इथं कोर्टातले लोक त्याला हसतात, तसे आपणही आधी हसतो. पण उलटतपासणी सुरू झाली की तोच माणूस त्याच हेलात साक्षीदाराला असा गोत्यात आणतो की हसू त्याच्या बाजूनं वळतं. बोली बदलून नाही, बोलीसकट जिंकतो. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी. हेही औरंगाबादच्या नाटकवाल्या मंडळींतून पुढं गेलेले, तवा त्यांना ते कळणारच. मूळ बेत हॉलिवूडच्या सिनेमाचा आहे, हे मला माहीत आहे. तरी त्यातला माणूस आपला झालाय.

आमच्या इथं कोल्हापूर-साताऱ्याच्या मालिका झाल्या, मालवणी झाल्या, ‘माझ्या नवऱ्याची बायको’तली नागपूरची राधिका झाली. सगळ्या आम्ही प्रेमानं पाहिल्या. आपल्या भागाची, आपल्या बोलीतली रोजची मालिका मात्र माझ्या पाहण्यात नाही.

छत्रपती संभाजीनगरहून :

लातूरकर भाऊ, लक्ष्मण देशपांडे सरांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ तुमच्या पोराला ऐकवा. एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करतो आणि बोली आपली. आमच्या घरी कॅसेट होती, ती पार घासून गेली.

नांदेडहून :

वडील नगरपालिकेत सफाईच्या कामावर होते, आता निवृत्त आहेत. नववीत शाळा सुटलेली. त्यांना घेऊन ‘आता थांबायचं नाय’ बघायला गेलो. २०२५च्या महाराष्ट्र दिनाला लागला होता. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, आणि ही खरी घडलेली गोष्ट आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांना मी विनोदासाठीच ओळखायचो. इथंही हसवतात, पण हसू कामगारांच्या कामावर नाही, त्यांच्या वासावर किंवा कपड्यांवर तर नाहीच. आप्पांना तेच भावलं. मध्यंतरात चहा आणला तर नको म्हणले. सिनेमा सुटल्यावर आधी विचारलं, “ती परीक्षा अजून देता येती का रं?” येते. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म आम्ही भरला आहे. गणिताची धास्ती आहे, पण रोज संध्याकाळी वही काढून बसतात.

अंबाजोगाईहून :

आमच्या घरात ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ शिवाय जेवण होत नाही. समीर चौघुलेंच्या अंगात वारं भरल्यासारखं असतं, आणि नम्रता संभेराव एका वाक्यात पात्र बदलते. एक विनंती मात्र सगळ्याच विनोदी कार्यक्रमांना. जाड बाई, काळा रंग, टक्कल, यावरचे विनोद आता बंद करा. माझी भाची सावळी आहे, आठवीत आहे. असा विनोद आला की ती ताटाकडं बघत बसते. सगळे हसत असताना तिचा घास थांबतो, हे मी समोर बसून पाहिलंय. परिस्थितीतून निघालेला विनोद असला की तीच पोरगी सगळ्यांत जास्त हसते.

धारूरहून :

लातूरकर दादांचं पटलं. मालिकेतली शेतं मला खोटी वाटतात. बांधावर नायिका उभी, मागं ऊस डोलतोय, पण तो ऊस तोडतं कोण? आमच्या इकडून दिवाळी झाली की गावंच्या गावं तोडीला जातात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे म्हणजे उचल, नवरा-बायको मिळून एक कोयता, फडाशेजारची कोपी म्हणजे झोपडी, मागं गावात म्हातारीपाशी ठेवलेली लेकरं. आमची वहिनी कोपीत रात्री मोबाईलवर मालिका बघती. रेंज नसली की सकाळी फडात बायका राहिलेली गोष्ट एकमेकींना सांगतात. त्या सांगतात तेव्हा खलनायिकेची अशी नक्कल करतात की मूळ मालिकेपेक्षा जास्त हसू येतं. कुणी लिहिणारं, बनवणारं हे वाचत असंल तर एका कोयत्याचं घर घ्या. रडकं करू नका, त्यात भांडणंबी आहेत, प्रेमबी आहे आणि विनोद तर लई आहे. आणि वहिनीचं काम करायला आमच्याच भागातली पोरगी घ्या.