वरच्या मजल्यावरच्या तिबेटी वहिनींशी ओळख कशी वाढवायची?

वडगावकरीण
आमच्या वाड्यात वरच्या मजल्यावर दोन महिन्यांमागं एक तिबेटी कुटुंब आलंय. नवरा कर्नाटकातल्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीत जन्मलेला, कन्नड माझ्यापेक्षा फर्डं बोलतो. बायको मात्र काही वर्षांपूर्वीच नेपाळमार्गे आलेली. मोडकंतोडकं हिंदी, बाकी काही नाही. नवरा कामाला, मुलगी शाळेला, ही दिवसभर दार लावून आत. आमच्या महिला मंडळानं हौसेनं जुन्या साड्या, स्वेटर, पाच किलो तांदूळ नेऊन दिले. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सगळं माझ्या दाराशी. कपडे इस्त्री केल्यासारखे घडी घालून, तांदळाला हातसुद्धा लावलेला नाही. आता मंडळात भांडण, तिला आधी मराठी शिकवायची की कन्नड! कुठंतरी चुकलंय, पण कुठं?

दूधगंगाकाठ
फोटोत चुकलंय, आणि काय. २०१९ च्या पुरात आम्ही निपाणीकडं शाळेतल्या गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीत होतो. साड्यांचा ढीग छताला लागायचा बाकी, परकर एक नाही. माझी आई पाच दिवस ओल्या परकरावर होती. मागायची लाज, कारण समोर कॅमेरा.

हुबळीकर
कागदांचं तेवढं सांगतो, कारण मंडळातलं कुणीतरी ते विचारणारच. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. तिबेटी लोकांकडं नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, ते 'आरसी' म्हणतात, त्याची मुदत वाढवत राहावी लागते. ते बघायचं काम पोलिसांचं, घरमालकाचं. तुम्ही हळदीकुंकवाला बोलावून आरसी मागू नका म्हणजे झालं.

टिळकवाडीची माई
अगं, नव्वदच्या दशकात ह्यांची बँकेतली बदली मुंडगोडला होती. ती वसाहत १९६६ ची. त्याच वर्षी महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला. आपण कुठल्या राज्यात म्हणून इकडं भांडत होतो, आणि तिकडं देश सुटलेली माणसं जंगल तोडून मका पेरत होती. असो.

तेव्हा तिबेटातून नवीन पोरं येत, ड्रेपुंग आणि गादेन मठांत. चार-पाच जणांना मी हिंदी शिकवायची. पाणी, बस, कितना हुआ. एक पोरगा एप्रिलच्या उकाड्यातही मोजे काढायचा नाही. पुढं कळलं, हिमालय चालून येताना बर्फानं दोन बोटं गेली होती. चार महिने शिकवलं, चार महिने तो 'जी मॅडम' यापलीकडं एक शब्द बोलला नाही.

मग एक दिवस माझ्या स्टोव्हचा वायसर गेला. हे दौऱ्यावर, घरात पाहुणे. मी त्यालाच म्हटलं, बघ की जरा. त्यानं जुन्या चपलेचं कातडं कापून वायसर बसवला, स्टोव्ह भणभणला. चहा पिताना फोडणीच्या डब्याकडं बोट करून विचारलं, 'ये काला दाना क्या है?' मोहरी! त्यानं आपणहून विचारलेली पहिली गोष्ट. लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, माझाच डबा भरून खाप्से आणून दिले. आपल्या चिरोट्यांची चुलत बहीण समज.

तर उद्या वाटी घेऊन वर जा आणि विरजण माग. एकटी जा, मंडळ नको. परत करताना घेतलं तेवढंच कर, वर लाडू-बिडू ठेवू नकोस, नाहीतर पुन्हा दान होतं. आणि पोरीला दुभाषी करू नकोस. तुमच्या खाणाखुणांनी होऊ दे.

वडगावकरीण
माई, गेले. विरजण नव्हतं! ओशाळली बिचारी. मी निघाले तर हात धरून आत नेलं. न्हाणीघरात ओळीनं विकतच्या पाण्याचे कॅन. हिंदीत विचारलं, नीचे नल का पानी कब आता है? अहो, आमच्याकडं चार-पाच दिवसांनी पहाटे तास-दीड तास येतं, आणि दोन महिन्यांत कुणी तिला पाण्याची पाळीच सांगितली नव्हती. मी दर पाळीला तिच्या दाराखालून घागर भरून नेत होते.

काल पहाटे चारला पाणी आलं. वर जाऊन दार वाजवलं. दोघींनी मिळून तिचा पिंप भरला, मग माझा. माझी घागर ती वर घेऊन गेली चुकून, अजून आणून दिलेली नाही.