मॉडेल विमानाच्या प्लायच्या फायरवॉलमधला ब्लाइंड नट जागीच फिरतो आहे; इंजिन पक्के कसे बसवावे?

बाल्सा_सांगली (प्रश्न):
नमस्कार. माझ्या हाय-विंग ट्रेनरची, म्हणजे वर पंख असलेल्या सरावाच्या मॉडेल विमानाची, फायरवॉल (इंजिन ज्यावर बसते ती पुढची भिंत) ६ मिमी प्लायची असून तिच्यावर काचतंतूमिश्रित नायलॉनच्या माउंटमध्ये (इंजिन धरणाऱ्या बैठकीत) ४६ आकाराचे, म्हणजे साधारण ७.५ सीसीचे, टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर चालणारे) बसवले आहे. माउंट चार एम-४ बोल्टांनी आवळलेला आहे आणि मागच्या बाजूस ब्लाइंड नट, म्हणजे दातांनी लाकडात रुतून बसणारे नट, आहेत. रविवारी तिसऱ्या उड्डाणानंतर स्पिनर (प्रोपेलरच्या मध्यावरची टोपी) धरून इंजिन हलवून पाहिले, तर ते चक्क खाली-वर डुलत होते. तीन बोल्ट अर्धा-अर्धा फेरा आवळले गेले, परंतु खालचा डावा बोल्ट नुसताच फिरत राहिला, कारण आतला नटच त्याच्याबरोबर फिरतो आहे. तिथले लाकूड काळपट झाले असून नखाने दाबले तर खळगा पडतो. तो बोल्ट काढून त्या जागी जाड सुतारी स्क्रू मारला तर चालेल का?

कानस_आणि_पाना:
सुतारी स्क्रू कृपया मारू नका. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २०० धक्के, आणि ६ मिमी प्लायमध्ये स्क्रूच्या आट्यांना पकड मिळते ती मोजक्याच लाकडी तंतूंवर; ते एकदा पिचले की स्क्रू बोटाने उपसून येतो. आपल्या वर्णनावरून दोष बोल्टाचा नसून लाकडाचा आहे. इंधनातले मिथेनॉल उडून जाते, पण एरंडेल किंवा सिंथेटिक तेल तिथेच राहून उघड्या भोकांतून प्लायच्या थरांत मुरत जाते. मऊ पडलेल्या लाकडात नटाचे दात धरणार तरी कशाला?

आधी फिरणारा बोल्ट काढायचा. माउंट आणि फायरवॉल यांच्या फटीत चपटा स्क्रूड्रायव्हर घालून माउंट पुढे उचलून धरावा, म्हणजे नट लाकडात ओढला जाऊन दात पुन्हा थोडे रुततात, आणि तेवढ्या वेळात बोल्ट उलटा फिरवून घ्यावा. तरीही जमले नाही तर बोल्टाचे डोके कापण्यावाचून गत्यंतर नाही.

नखाने खळगा पडत असेल, तर माझे मत फायरवॉल बदलण्याचे आहे. तेलकट लाकडावर इपॉक्सी धरत नाही, आणि ॲसिटोनने कितीही पुसले तरी आतल्या थरांतले तेल दोन दिवसांनी पुन्हा वर येते. नवीन तुकडा बर्च प्लायचा मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय घ्यावे, मात्र कापलेली कड उजेडात धरून आतल्या थरांत पोकळी नाही ना, हे पाहून घ्यावे. साध्या कमर्शियल प्लायमध्ये नेमकी बोल्टाच्या भोकाखालीच पोकळी निघाल्याचा अनुभव मी घेतलेला आहे.

ब्लाइंड नट हातोडीने ठोकू नयेत. ठोकल्याने मागचा थर फुटतो आणि नट तिरका बसतो. भोक नटाच्या नळीइतकेच पाडावे, पुढून मोठी चकती घालून बोल्ट आवळत जावा आणि नटाची कड प्लायशी सपाट होईपर्यंत त्याला ओढून घ्यावे. नंतर कडेभोवती इपॉक्सीचे बारीक वळे द्यावे. आट्यांत इपॉक्सी जाऊ नये म्हणून बोल्टाला आधी थोडे व्हॅसलिन लावलेले बरे. फायरवॉल चिकटवताना पाच मिनिटांचे नव्हे, तीस मिनिटांचे इपॉक्सी वापरावे, आतल्या कोपऱ्यांत बाल्साच्या त्रिकोणी पट्ट्या द्याव्यात आणि दोन्ही बाजूंनी फ्यूजलाजमधून (विमानाच्या धडातून) आरपार बांबूच्या काड्या ठोकाव्यात. शेवटी समोरचा भाग, कडा आणि विशेषतः भोकांच्या आतल्या भिंती पातळ इपॉक्सीने रंगवाव्यात. बहुतेक जण समोरची बाजू रंगवतात आणि भोके तशीच सोडतात.

डावीकडून_वारा:
वरील सल्ल्याशी मी बव्हंशी सहमत आहे. मात्र बाकीचे तीन नट घट्ट असतील आणि लाकूड एकाच भोकाभोवती मऊ असेल, तर हंगाम निभावण्यापुरता दुसरा उपाय आहे. २ मिमी ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या कापून प्रत्येकीत दोन भोके पाडावीत, आणि टाकी काढून त्या पट्ट्या फायरवॉलच्या मागे नायलॉक नटांखाली (आत नायलॉनचे कडे असलेल्या, सहज ढिल्या न होणाऱ्या नटांखाली) बसवाव्यात. दाब पसरतो, आणि या जोडणीत चिकटण्याचा प्रश्नच येत नाही. मागचे नट पान्याने धरावे लागतील, एवढी कटकट आहे.

थ्रेडलॉकर (आटे ढिले होऊ न देणारा द्रव) लावायचा असेल तर निळा, आणि तोही धातू-धातूच्या आट्यांवर तेल पुसूनच लावावा. थेट नायलॉनमध्ये फिरवलेल्या बोल्टावर तो नीट सुकतही नाही. नायलॉन आणि लाकूड दोन्ही दाबाखाली थोडे बसतात, म्हणून पहिल्या दोन-तीन उड्डाणांनंतर बोल्ट पुन्हा आवळणे भागच असते.

बोल्ट ढिले होण्यामागे जास्तीचे कंपनही असू शकते, म्हणून एक विचारतो: प्रोपेलर बॅलन्स केला होता का? आणि कंपनाने टाकीतल्या इंधनाला फेस येत होता का?

नवी फायरवॉल करणारच असाल, तर राइट थ्रस्टचा, म्हणजे इंजिनाचा रोख किंचित उजवीकडे वळवण्याचा, हिशेब आत्ताच करा. फायरवॉलपासून प्रोपेलरपर्यंत १०० मिमी अंतर असेल, तर २ अंशांनी प्रोपेलरचे केंद्र ३.५ मिमी उजवीकडे सरकते. तेवढाच माउंट डावीकडे सरकवून भोके पाडली, तर स्पिनर मधोमध येतो.

बाल्सा_सांगली:
दोघांचेही आभार. आज टाकी बाहेर काढली. खालचे दोन्ही नट मऊ लाकडात बसलेले आहेत आणि खालच्या कडेचा सांधा पोस्टकार्ड आत जाईल इतका उकललेला आहे, तेव्हा फायरवॉल बदलतोच आहे. टाकीत फेस येत होता, हे खरे. मी त्याचा दोष टाकीभोवतीच्या स्पंजला देत होतो. प्रोपेलर कधीच बॅलन्स केला नव्हता. भोकात खिळा घालून तो आडवा धरला, तर एक पाते दर वेळी तेच खाली जाते. जड पात्याची मागची बाजू पॉलिश पेपरने घासावी, की हलक्या पात्यावर लॅकरचा हात द्यावा?

डावीकडून_वारा:
जड पातेच घासा, मागच्या बाजूने आणि टोकाकडे. पुढच्या कडेला हात लावू नका. मात्र त्या पात्यावर कुठे चीर दिसली, तर घासत बसू नका, प्रोपेलर सरळ फेकून द्या.