'करडं पात्र': रंगाने की स्वभावाने?

शाईदौत:
हॅरी पॉटरच्या चाहत्यांनी लढवलेल्या तर्कांवर एक लेख मराठीत आणतेय. विषय सेव्हरस स्नेप, हॅरीच्या जादूच्या शाळेतला मास्तर. सहावा भाग १६ जुलै २००५ ला आला, त्यात त्याने शाळेचा मुख्याध्यापक डम्बलडोर याला मारलं. सातवा आला २१ जुलै २००७ ला. मधली दोन वर्षं एकच भांडण: हा माणूस नक्की कुणाचा, डम्बलडोरचा की खलनायक वोल्डेमॉर्टचा? मी लिहिलं, 'स्नेप हे करडं पात्र आहे', म्हणजे इंग्रजीतलं 'ग्रे', धड चांगलं नाही, धड वाईट नाही. मैत्रीण म्हणाली, "मास्तर कडक आहे हे ठाऊकच आहे की, त्यात वाद कसला?" तिच्या डोक्यात करडी नजर, करडी शिस्त. स्नेप तसाही आहे, त्यामुळे वाचणारा चुकतो आणि चुकल्याचं त्याला कळतही नाही. 'राखाडी' लिहिलं तर झग्याचा रंग सांगितल्यासारखं वाटतं. काय लिहू?

पाटीपेन्सिल:
'संदिग्ध' असताना दुसरं शोधायचं कशाला? धातू दिह्, म्हणजे माखणे, लेपणे. विष माखलेला बाण तो विषदिग्ध. वर लेप चढला की खालचं दिसेनासं होतं, ते संदिग्ध. संदेह त्यातलाच, आणि देहसुद्धा! जादुई काढे आणि विषं शिकवणाऱ्या माणसाला याहून चपखल शब्द मिळणार नाही.

उंबरठा:
व्युत्पत्ती मनापासून आवडली, पण वापर बघा. मराठीत विधान संदिग्ध असतं, उत्तर संदिग्ध असतं, कलम संदिग्ध असतं. माणूस संदिग्ध म्हटला की हिंदी बातम्यांतला 'संशयित' कानात वाजतो. आमची आजी अशा माणसाला 'आतल्या गाठीचा' म्हणायची. तिचा एक दीर होता, घरात कोणाशी भांडण नाही, कोणाशी सलगी नाही, विचारलं तर "बघू". आजी म्हणायची, "वाईट नाही तो, आतल्या गाठीचा आहे." निकाल न देता माणूस डोळ्यासमोर उभा. स्नेप म्हणजे डिट्टो.

काजळमाया:
दुटप्पी म्हणा की सरळ. वोल्डेमॉर्टच्या गोटातल्या नार्सिसाला अभंग शपथ, डम्बलडोरला वचन, वोल्डेमॉर्टपुढे मुजरा. टप्पा म्हणजे चेंडूचा टप्पा, तो दोनदा पडतो म्हणून दुटप्पी, असं मला शाळेत बाईंनी सांगितलं होतं.

पाटीपेन्सिल:
बाईंचा मान राखून सांगतो, चेंडूचं मला पटत नाही. आणि दुटप्पी हा शिक्का आहे. तो मारला की वाद तिथेच संपला. या दोन वर्षांत लोक भांडत होते ते शिक्का मारायचा की नाही यावरच.

उंबरठा:
+१. शिवाय शाईदौत, 'फॅन थिअरी'ला सिद्धांत केलं नाहीत ना? ज्याचा अंत सिद्ध झालाय तो सिद्धांत. हे तर कयास. फार तर अटकळी.

काजळमाया:
कयास अरबी चालतो आणि थिअरी इंग्रजी चालत नाही? नट मुलाखतीत सर्रास 'ग्रे शेडची भूमिका' म्हणतात आणि सगळ्यांना कळतं. वाचकाला कळतं तो शब्द मराठी. मी 'ग्रे' च लिहीन.

पाटीपेन्सिल:
कयास इथे पिढ्यान्‌पिढ्या नांदलाय, त्याला 'कयास बांधणे' असं क्रियापद मिळालंय. 'ग्रे'ला अजून 'शेड' सोडून मराठीत सोबती नाही.
आणि 'आतल्या गाठीचा' बद्दल: सातव्या भागात गाठ सुटली. हॅरीच्या आईवरचं, लिलीवरचं प्रेम कळलं, डम्बलडोरनेच मारायला सांगितलं होतं हे कळलं. तरी त्याचा विद्यार्थी नेव्हिल, त्याचं काय? बोगार्ट म्हणजे समोरच्याला ज्याची सगळ्यांत जास्त भीती त्याचं रूप घेणारा जीव; तिसऱ्या भागात त्या पोराच्या बोगार्टने स्नेपचं रूप घेतलं. मुलाला सगळ्यांत जास्त भीती आपल्या मास्तरची! निष्ठेचा प्रश्न मिटला, नीतीचा नाही. त्या उरलेल्या गोष्टीला शब्द हवाय.

शाईदौत:
हे लेखात घालते, आभार. पण आता त्याहून मोठी अडचण आलीय. सहाव्या भागात स्नेप मारण्याआधी मनोऱ्यावर डम्बलडोर म्हणतो, "सेव्हरस... प्लीज..." सगळे कयास त्या एका 'प्लीज'वर उभे आहेत. जीव वाचव म्हणतोय की जीव घे म्हणतोय? मी 'दया कर' लिहिलं, तर तो प्राणांची भीक मागतोय. 'एवढं कर' लिहिलं, तर सातव्या भागाचं गुपित सहाव्यातच फुटलं. मराठी मला बाजू घ्यायला लावतेय.

उंबरठा:
'नरो वा कुंजरो वा'च की हे! फरक एवढाच, की तिथे बोलणाऱ्याने मुद्दाम झाकलं, इथे ऐकणाऱ्या हॅरीला अर्धंच ठाऊक होतं. नुसतं 'सेव्हरस... अरे...' केलं तर? 'अरे' त विनवणी आहे, कशाची ते नाही.

काजळमाया:
'अरे' फार घरगुती झालं. 'प्लीज' ठेवा. आपण मरताना प्लीज म्हणू की नाही माहीत नाही, पण दवाखान्यात माझ्या वडिलांनी नर्सला शेवटी तोच शब्द म्हटला होता, आणि पाणी हवं होतं की सुई नको होती हे आम्हाला अजून कळलेलं नाही.

पाटीपेन्सिल:
काजळमाया, वाचून थांबलो. 'प्लीज' ठेवायला आता माझी हरकत नाही. 'ग्रे'ला आहे.

काजळमाया:
मग करडी नजर आणि करडा रंग हा एकच शब्द की दोन, ते आधी सांगा. मी म्हणते दोन.

उंबरठा:
एकच. आजीच्या बोलण्यात करडी म्हैस होती, ती रंगाने आणि स्वभावाने दोन्हीकडून.