हेमिश म्हणजे हाक मारलेला शेमस
‘हेमिश’ हे स्वतंत्र, प्राचीन स्कॉटिश नाव आहे असं काहींना वाटतं. तसं नाही. मूळ नाव शेमस, म्हणजे इंग्रजीतला जेम्स, मुळात बायबलमधला याकोब. स्कॉटिश गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेत कुणाला हाक मारली की नावाचं पहिलं व्यंजन मऊ होतं आणि पुरुषाच्या नावाचा शेवटही बदलतो, म्हणून शेमसला हाक जाते ‘अ हेमिश!’ (‘अ’ म्हणजे आपलं ‘ए’). इंग्रजी कानांनी ही हाकच नाव समजून उचलली. मारीचंही (म्हणजे मेरीचंही) तेच. हाकेत ती ‘अ वारी’ होते आणि आता वारी हे वेगळं नाव म्हणून ठेवतात. आपल्याकडे ‘मुलांनो’ म्हणताना शब्दाचा शेवट बदलतो, सुरुवात तशीच राहते. त्यामुळे मला हा प्रकार फार विलक्षण वाटतो.

नावांच्या अर्थाबद्दल एवढंच: गेलिक आणि आयरिशमधला ‘फिन’ म्हणजे गोरा, उजळ. आयरिश फिनूला म्हणजे गोऱ्या खांद्यांची. नुआला हे तिचंच छोटं रूप. ‘फिन’वरूनच आलेलं फिओना मात्र जुनं नव्हे. विल्यम शार्प या स्कॉटिश लेखकानं १८९० च्या दशकात ‘फिओना मॅक्लाउड’ या टोपणनावानं लिहिलं, त्यानंतर ते घरोघरी पोचलं.