‘कॉन्स्पिरसी थिअरी’ हा शिक्का कुणावर मारायचा?

रानवाट (धागालेखक)
एखाद्याच्या शंकेवर ‘कॉन्स्पिरसी थिअरी’चा, म्हणजे ‘सगळ्यात कट दिसतो’ असा शिक्का बसला की पुढे त्याचं कुणी ऐकूनच घेत नाही. माझा आक्षेप त्याला आहे. उत्तर नायजेरियातलं कानो घ्या. २००३मध्ये तिथे पोलिओ लसीकरण बंद पाडलं गेलं. लसीत वांझ करणारं औषध घातलंय, हा पाश्चात्त्यांचा डाव आहे, असं लोक म्हणत होते. जगानं त्यांना अडाणी ठरवलं. पण याच कानोत १९९६ साली मेंदूज्वराची साथ चालू असताना फायझरनं ट्रोव्हान या प्रतिजैविकाची चाचणी घेतली होती. २०० आजारी मुलं. निम्म्यांना ट्रोव्हान, निम्म्यांना दुसरं औषध. ११ मुलं दगावली. मृत्यू मेंदूज्वरानं झाले असं कंपनी म्हणत राहिली; हा प्रयोग आहे हे आम्हाला सांगितलंच नाही, असं पालक म्हणत राहिले. २००९मध्ये कंपनीनं ७.५ कोटी डॉलरची तडजोड केली. दुधानं तोंड पोळलेल्यानं ताक फुंकून प्यायलं तर त्याला वेडा कसं म्हणायचं?

मोहोर
ताक फुंकून पिणं वेगळं आणि ताकात विष आहे असं गावभर सांगत सुटणं वेगळं. ट्रोव्हानबद्दलचा राग रास्तच आहे. पण त्यानं पोलिओच्या लसीबद्दलचा दावा खरा होत नाही. बहिष्काराच्या पुढाऱ्यांपैकी दत्ती अहमद तर स्वतः डॉक्टर होते. त्यांना अडाणीपणाची सवलत कशी द्यायची? उत्तर नायजेरियातला विषाणू देशोदेशी पसरला, २००५मध्ये थेट इंडोनेशियात पोहोचला. तिथे सुमारे ३०० मुलांना पोलिओ झाला.

साक्षीभाव
मुळात ‘कॉन्स्पिरसी थिअरी’ हा शब्दच सीआयएनं १९६७मध्ये काढला. केनेडींच्या हत्येवर प्रश्न विचारणाऱ्यांची तोंडं बंद करायला.

पारवा
नाही. सीआयएचं १९६७चं परिपत्रक खरं आहे, केनेडींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाच्या टीकाकारांना उत्तरं कशी द्यायची ते त्यात होतं. पण शब्द त्याआधीचा. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरनं तो १९४५मध्येच वापरलाय. समाजात जे जे वाईट घडतं ते कुणीतरी ठरवूनच घडवलेलं असतं, या समजुतीवर त्याचा रोख होता. कट होतात हे त्यालाही मान्य होतं, मात्र त्यातले फार थोडे तडीस जातात असं त्याचं म्हणणं.

रानवाट
@मोहोर, बहिष्कार सुटला कसा तेही बघा. लसीची तपासणी झाली, मग इंडोनेशियात, म्हणजे मुस्लिमबहुल देशात तयार झालेली लस आणली, आणि जुलै २००४मध्ये कानोत पुन्हा थेंब पाजणं सुरू झालं. ज्यांच्यावर भरवसा आहे त्यांच्याकडून पुरावा आला, तो मानला गेला. माणूस चंद्रावर गेलाच नाही म्हणणाऱ्यांना कोणताही पुरावा कटातलाच वाटतो. कानोच्या आईबापांना त्यांच्या पंगतीत का बसवायचं?

मोहोर
आईबापांना मी बसवत नाहीच. पण बहिष्कार जवळजवळ वर्षभर चालला, आणि त्या काळात पांगळी झालेली मुलं त्याच आईबापांची होती. अफवाही २००४मध्ये संपली नाही. फेब्रुवारी २०१३मध्ये कानोतच बंदूकधाऱ्यांनी थेंब पाजणाऱ्या नऊ बायकांना ठार मारलं.

रानवाट
त्याआधी दोनच वर्षं पाकिस्तानातल्या ॲबटाबादमध्ये काय झालं होतं? लादेनच्या घरातला डीएनए मिळवण्यासाठी सीआयएनं डॉ. शकील आफ्रिदींच्या हातून हिपॅटायटिस बीच्या लसीकरणाचा देखावा उभा केला. २०१४मध्ये व्हाइट हाउसला लेखी कबूल करावं लागलं, की हेरगिरीसाठी लसीकरण पुन्हा वापरणार नाही. डिसेंबर २०१२पासून पाकिस्तानात पोलिओ कार्यकर्त्या मारल्या जात होत्या. त्यांचा जीव धोक्यात घालण्यात सीआयएचा वाटा नाही?

मोहोर
आहे, आणि मोठा आहे. सीआयएवर खटला भरायची मागणी करा, माझी सही घ्या. पण लस वांझ करते असं सांगत फिरणाऱ्या डॉक्टरला ‘शंका घेणारा’ म्हणायला मी तयार नाही.